गिरणगाव हरवलं म्हणे!

लोअर परळला जाऊन आलेल्या मराठी माणसाचं एक ठरलेलं वाक्य असतं. मॉलमधून पिशव्या घेऊन, किंवा एखाद्या गिरणीच्या आवारातल्या हॉटेलात जेवून माणूस घरी येतो, चपला काढतो, पंखा लावतो आणि सुस्कारा सोडून म्हणतो, "काय होतं आणि काय झालं! गिरणगाव हरवलं हो." मग दोन मिनिटं भोंगे, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, लालबागचे गणपती यांच्या आठवणी निघतात. (ज्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी गिरणीत पाऊल ठेवलेलं नाही तो यात सगळ्यात पुढे.) आणि मग टीव्ही लागतो.

मला या वाक्याचा आता राग येतो. हरवतात किल्ल्या. हरवते छत्री. जत्रेत पोर हरवतं. मुंबईच्या ऐन मध्यावरची सहाशेच्या आसपास एकर जमीन हरवत नसते. ती कुणाकडून तरी कुणाकडे तरी जाते. त्याचे कागद होतात, कागदांवर सह्या होतात, सह्यांखाली तारखा पडतात. 'हरवलं' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि उरते ती नुसती हळहळ. हळहळीचं एक बरं असतं, ती कुणाला जाब विचारत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मध्यंतरी एका रविवारी तिकडे जाणं झालं. आमच्या कन्येला नोकरी लागली. ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत. पहिल्या पगारातून आम्हाला जेवायला घालायचं असा तिचा हट्ट. नेमके त्याच वेळी आमचे मामा गावाहून (पाटणच्या पुढे डोंगरात गाव आहे) आमच्याकडे आलेले होते, म्हणून तेही बरोबर. मामा चोवीस वर्षं गिरणीत होते, साचेखात्यात. कुठल्या गिरणीत ते लिहीत नाही, कारण तिचं जे झालं तेच बाकीच्यांचंही झालं.

करी रोडला उतरलो आणि डिलाईल रोडचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. हा पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पाच वर्षांवर काळ गेला. तेवढ्या काळात त्याच परिसरात किती मजले चढले ते मान वर करून मोजावं लागतं. पुलावरून उतरलं की चालायला फूटपाथ म्हणावा असा नाही. गाड्या, फेरीवाले, त्यातून वाट काढत जायचं. आणि मग अचानक एक फाटक येतं, त्याच्या आत सगळं गुळगुळीत. फरशी गुळगुळीत, झाडं कापून गोल केलेली, दुकानांच्या नावांचा उच्चार मला येत नाही अशी दुकानं. काळे कपडे घातलेला रखवालदार पर्स उघडायला लावतो. मामांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळ्यांचा डबा होता, त्यातला डबासुद्धा उघडून बघितला.

हॉटेलचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, तिथे अशी वीस तरी असतील. गिरणीची जुनी भिंत विटा उघड्या ठेवून तशीच राखलेली. छताला लोखंडी कैच्या. दिवे लटकवलेत ते बॉबिनींचे. भिंतीवर कुठलं तरी जुनं हजेरी कार्ड चौकटीत बसवलेलं. पेयांच्या यादीत एकाचं नाव 'थर्ड शिफ्ट', किंमत ७९५ रुपये. बोंबील होते, कोलंबीचं कालवण होतं, 'खाणावळ थाळी'सुद्धा होती. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. कालवणात कोकम अगदी हवं तेवढंच पडलं होतं.

खाणावळ हा शब्द मात्र तिथे वाचताना खटकला. गिरणगावातली खाणावळ म्हणजे काय होती? गावी बायको-मुलं ठेवून आलेल्या गड्यांना जेवू घालणारी, दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळा पन्नास-पन्नास भाकऱ्या थापणारी बाई. पगार झाला की पैसे. संप झाला, पगार थांबला, तरी या बायकांनी ताटं थांबवली नाहीत, स्वतःचे दागिने गहाण टाकले आणि सावकाराच्या व्याजात बुडाल्या. त्या बायकांना एकत्र करून, बँकेचं कर्ज मिळवून देऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे खाणावळ या शब्दामागे उधारी आहे, भरवसा आहे, एक मोठा लढा आहे. तो शब्द उचलून त्याच्यापुढे किंमत आणि सर्व्हिस चार्ज लावला, की झाली थाळी. शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, मान्य. पण ज्या बाईचा तो शब्द, तिची सून आता या आवारात कुठल्या दाराने येते? मागच्या. झाडू घेऊन.

आता मामांचं सांगते. मला वाटलं होतं हे सगळं बघून ते हळवे होतील. (कन्येने तर फोन तयार ठेवला होता, मामाआजोबांचा बॉबिनीच्या दिव्याखाली फोटो काढायला.) मामांनी दिव्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "गिरणी एवढी स्वच्छ कधी नव्हती."

मग बोलायला लागले. साचेखात्यात आवाज एवढा, की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी खुणांनी बोलायचं. त्यात कान गेले. हवेत दमटपणा ठेवायचा म्हणजे धागा तुटत नाही, त्या दमट हवेत आठ तास घामाने भिजायचं. सूतखात्यातल्यांच्या छातीत कापसाचा धुरळा जायचा, चाळिशीत माणूस खोकायला लागायचा. कायम व्हायच्या आधी सहा वर्षं ते बदली होते. म्हणजे रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. "गेली ती गिरणी, मला नाही तिचं दुःख," मामा म्हणाले. "माझी पोरं तिथं गेली नाहीत ते बरंच झालं."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. कारण गिरणगावाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, की ज्यांनी तिथे आयुष्य घातलं त्यांना तो नरक पुन्हा नकोच होता. त्यांना हवं होतं ते निराळं.

तेवढ्यात संगीताचा आवाज वाढवला कुणीतरी. मामा हसून म्हणाले, "हे मात्र साचेखात्यासारखं आहे. आता खुणांनीच बोला."

वाढणारा मुलगा विशीतला, उत्तराखंडचा होता. मामांनी त्यांच्या गिरणीतल्या हिंदीत त्याला विचारलं, "ड्यूटी कितने बजे का?" तो आधी बिचकला, मग सांगायला लागला. सकाळी अकरा ते चार, मग तीन तास मोकळे, मग सात ते रात्री बंद होईपर्यंत. 'ब्रेक शिफ्ट' म्हणतात याला. मधल्या तीन तासांत कुठे जायचं? मागच्या जिन्यावर बसतो. सुट्टी आठवड्याला एक, मंगळवारी. राहतो कुठे? जवळच एका चाळीत, एका खोलीत सातजण. दोघं हॉटेलातले, दोघं मॉलमधल्या दुकानातले, बाकीचे सिक्युरिटीत. सगळ्यांच्या वेळा वेगळ्या म्हणून भागतं. एकाच वेळी सगळे झोपायला आले तर जागा पुरणार नाही.

मामांनी त्या चाळीचं नाव विचारलं. मुलाने सांगितलं. मामा म्हणाले, "आमचा गाळा त्याच्या मागच्या गल्लीत होता. आम्ही अठराजण होतो." तो मुलगा निघून गेल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

म्हणजे बघा. गिरणी गेली, पण गाळा गेला नाही. पाळ्यांनी झोपायचं गेलं नाही. गावी पैसे पाठवायचं गेलं नाही. बदलीचं तर नावच फक्त बदललं, त्याला आता कंत्राट म्हणतात. गेलं ते काय? युनियन गेली, कायम होण्याची आशा गेली, प्रॉव्हिडंट फंडाचा भरवसा गेला आणि उधारीवर जेवू घालणारी बाई गेली. जे वाईट होतं ते राहिलं आणि जे भांडून मिळवलेलं होतं तेवढं नेमकं नाहीसं झालं. याला हरवणं म्हणतात का?

भांडून मिळवलेल्या गोष्टींमध्ये रविवारसुद्धा आहे, हे किती जणांना आठवतं? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीच्या रविवारी आज आपण सहकुटुंब त्याच गिरण्यांच्या आवारात फिरायला येतो, आणि तिथे उभा असलेला एकही मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी सुट्टीवर नसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने वर्षाचे सगळे दिवस दुकानं उघडी ठेवायला मुभा दिली. आठवड्याची एक सुट्टी शाबूत आहे, पण ती ज्याची त्याला वेगळी. दोन मित्रांना एक नाही, नवरा-बायकोला एक नाही. मग सभा कुठून भरणार आणि संघटना कुठून होणार? दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलींना बसायला मिळावं म्हणून केरळला २०१८ साली आणि तामिळनाडूला २०२१ साली कायद्यात तसं लिहावं लागलं. स्टुलासाठी कायदा करावा लागतो, असं हे चकचकीत जग आहे.

जेवण झाल्यावर मामांना जरा टेकायचं होतं. गुडघे दुखतात. हॉटेलात पुढचे लोक खोळंबलेले, त्यामुळे तिथे बसता येईना. बाहेर आवारात एका कुंडीच्या कठड्यावर ते बसले तर रखवालदार आला. नम्रपणे, पण आला. "बाबा, इथे बसायला अलाउड नाही." मग बसायचं कुठे? कॉफीच्या दुकानात. म्हणजे बसण्याचे चार माणसांचे कमीत कमी हजार रुपये. त्या अख्ख्या परिसरात पैसे न देता बूड टेकवायला मला एक बाक सापडला नाही. त्या मुलावर माझा राग नाही. तोही उभाच होता.

आणि मुद्दा इथेच आहे. तो बाक तिथे असायला हवा होता. माझी इच्छा म्हणून नव्हे, तसा नियम होता म्हणून.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. बंद किंवा आजारी गिरणीची जमीन विकायची, तिच्यावर दुसरं काही बांधायचं, तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे करायचे. एक तृतीयांश महापालिकेला, बागा, मैदानं, मोकळ्या जागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. उरलेला तिसरा मालकाला. हा नियम मला आजही अत्यंत शहाणा वाटतो. कुणी उपाशी राहत नाही, मालकही नाही.

मग २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते अख्ख्या जमिनीचे नव्हे, फक्त 'मोकळ्या' जमिनीचे. मोकळी जमीन म्हणजे कुठली? जिच्यावर आधीपासून काही बांधलेलं नाही ती. ज्या जमिनीवर गिरणीची शेड उभी होती ती, शेड पाडल्यानंतरही, मोकळी नव्हे! आता गिरणी म्हणजे मुळात शेडच. हिशेब करून बघा. समजा पंधरा एकरांची गिरणी आहे आणि त्यातल्या बारा एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमाने वाटणी पाच, पाच, पाच. नव्या नियमाने वाटणी फक्त उरलेल्या तीन एकरांची. पालिकेला एक, म्हाडाला एक आणि मालकाला बारा अधिक एक, म्हणजे तेरा. मी कॉमर्सची, हे गणित मला दोनदा करावं लागलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.

पर्यावरणवाद्यांनी याविरुद्ध जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाटणी पूर्ण जमिनीची हवी असा निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली. न्यायालयाने कायदा वाचला, त्याबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय ते तो कायदा लिहिणाऱ्यांबद्दल, आणि तो लिहिला जात असताना भोंग्यांच्या आठवणीत रमलेल्या आपल्याबद्दल. गिरणगाव गेलं ते असं, एका शब्दाच्या अर्थात.

आता यावर नेहमी जी तीन उत्तरं मिळतात ती मला तोंडपाठ आहेत.

पहिलं, "गिरण्या संपाने मेल्या. दत्ता सामंतांना विचारा." संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि संपाने त्यांची धूळधाण झाली हे खरंच आहे. पण गिरण्या त्याआधीही खंगत होत्या. कित्येक मालकांनी यंत्रं बदलली नव्हती आणि भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. बरं, क्षणभर धरून चालू की सगळा दोष संपाचाच. मग १९८२ च्या संपाचा आणि २००१ च्या दुरुस्तीचा संबंध काय? गिरणी कशाने मेली हा एक प्रश्न. मेल्यावर तिच्या जमिनीची वाटणी कशी झाली हा दुसरा. पहिला प्रश्न तावातावाने चघळला की दुसरा कुणी विचारत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरं, "जमीन मालकाची. तुम्ही कोण वाटे मागणारे?" जमीन मालकाची होती, पण गिरणीसाठी होती. काहींची तर सरकारच्या नाहीतर पालिकेच्या भाडेपट्ट्याची होती. कारखान्याच्या जमिनीवर दुकानं, हॉटेलं, टॉवर उभारायची मुभा मिळाली की तिची किंमत कैक पटींनी वाढते. ही मुभा मालकाने मिळवलेली नसते, शहर देतं. शहराने दिलेल्या देणगीतला वाटा शहराने मागायचा नाही तर कुणी मागायचा? आणि सगळ्या गिरण्या खाजगी कुठे होत्या? पंचवीस गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या होत्या. त्यातल्या लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे साडेसतरा एकर जमीन २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. घेणाऱ्याने तीच जमीन २०१२ साली दुसऱ्या विकासकाला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत दोन हजार कोटींची वाढ. तिथे काही पिकलं नव्हतं की विणलं गेलं नव्हतं.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं. "प्रगती नको का? रोजगार मिळाला ना?" मिळाला. माझ्याच मुलीला मिळाला, आणि तिच्या छातीत धुरळा जात नाही याचा मला आनंद आहे. मॉल वाईट, हॉटेल वाईट, असं मी म्हणतच नाही. लोकांनी चांगलंचुंगलं खावं, कपडे घ्यावेत, मजा करावी. पण एक वाटा मालकाला देऊन त्यावर हवे तेवढे मॉल उभे राहिले असते, आणि शेजारी एक मैदान आणि कामगारांच्या घरांची एक वसाहतही उभी राहिली असती. तेव्हा प्रगती की गिरणगाव असा हा प्रश्न नव्हताच. प्रश्न एक वाटा की तीन, एवढाच होता.

आणि वाटा न मिळाल्याची किंमत फक्त गरिबांनी मोजली असंही नाही. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सांगितलं होतं की या जमिनींचा सुटासुटा नव्हे, एकत्रित आराखडा करा. तो अहवाल धूळ खात पडला. प्रत्येक आवार आपापलं वाढलं, आवारांमधल्या रस्त्यांचा, पुलांचा, स्टेशनांचा विचार करणारं कुणी राहिलं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पाऊस पडत असताना, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. कामावर निघालेली माणसं होती ती. गिरण्यांच्या काळच्या स्टेशनावर काचेच्या इमारतींची गर्दी आली होती. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि चौदा माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. ती जेवायला, वाढदिवस साजरा करायला आलेली माणसं होती. एकीकडे राबणारे मेले, एकीकडे मौज करणारे. दोन्हीकडे जागेचा कण न् कण विकून झाला होता, आणि माणसाला बाहेर पडायला जेवढी जागा लागते तेवढीही ठेवली नव्हती. मोकळी जागा ही चैन नव्हे, हे यापेक्षा उघडपणे कसं सांगायचं?

राहिला म्हाडाचा वाटा, म्हणजे घरांचा. मामांनी अर्ज भरलाय. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होतो याचा पुरावा द्यायचा. मामांकडे तिकीट नंबर आहे, हजेरी कार्ड आहे, फंडाचा कागद आहे. (हजेरी कार्ड चौकटीत बसवून भिंतीवर टांगायची चीज आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांचं प्लास्टिकच्या पिशवीत असतं.) असे अर्ज भरणारे दीड लाखाच्या घरात आहेत. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं होती ६,९२५, दोनशे पंचवीस चौरस फुटांची. २०२० च्या सोडतीत ३,८९४. २०२४ साली सरकारने ठरवलं की उरलेल्यांना शेलू आणि वांगणीला घरं द्यायची, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर म्हातारे कामगार आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायका पावसाचे दिवस असूनही जमले, घर मुंबईतच हवं म्हणून. "मुंबईत जागाच कुठे आहे?" असं त्यांनाच उलट विचारलं जातं. जागा होती. नियमात लिहिलेली होती. ती मोकळी नाही असं ठरवण्यात आलं.

मागून काही मिळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दादरच्या चैत्यभूमीशेजारच्या इंदू मिलकडे बघावं. तीही महामंडळाचीच गिरणी. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते थेट आत शिरले, बाबासाहेबांच्या स्मारकासाठी जमीन मागितली आणि हटले नाहीत. पुढच्याच वर्षी केंद्राने अख्खी गिरणी, जवळजवळ बारा एकर, द्यायचं जाहीर केलं. ते लोक हळहळत बसले नव्हते. आठवणींचे कार्यक्रम करत बसले नव्हते. किती एकर आणि कधी, एवढंच विचारत होते. त्यांना मिळालं.

आपण मध्यमवर्गीय मंडळी मात्र हळहळीत पटाईत. गिरणगावावरचं नाटक आलं की पहिल्या रांगेत, फोटोंचं प्रदर्शन भरलं की डोळे ओले. धुराडं राखलं म्हणून मॉलवाल्यांचं कौतुकही आपणच करतो. धुराडं राखायला काय लागतं? ते जागा कमी घेतं आणि बोलत नाही. कामगार राखायचा तर घर द्यावं लागलं असतं.

तेव्हा माझी एक साधी विनंती आहे. लोअर परळला जरूर जा, बोंबील खा, कोलंबी खा. पण 'हरवलं' हा शब्द आता बंद करा. कुणी सुस्कारा सोडून तो उच्चारलाच, तर त्याला विचारा: मालकाला किती एकर गेली, पालिकेला किती, म्हाडाला किती? त्याला सांगता आलं नाही तर तुम्ही सांगा. आणि तुमच्या भागात पुढच्या निवडणुकीला जो कुणी हात जोडून दारात येईल, त्याला गिरणगावाच्या गौरवशाली परंपरेवर बोलू देऊ नका. उरलेल्या गिरण्यांची मोकळी जागा मोजून आणायला सांगा, शेडखालच्या जमिनीसकट.